‘बूटलोडर गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

ठाण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, सुरू होईना झाला की निदान ठरलेलं: ‘बूटलोडर गेला’, म्हणजे वीज मिळाल्यावर सिस्टिम सुरू करून देणारा कोड बिघडला. पहिला सल्लाही ठरलेला: ‘कार्ड परत फ्लॅश कर,’ म्हणजे मेमरी कार्डावर सिस्टिम नव्याने लिही. सल्ला २०१२चा आहे, आणि तेव्हा तो बरोबरच होता. पहिल्या पायच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला छोटासा कोड सोडला, तर बोर्डावर काहीच साठवलेलं नसायचं. वीज मिळाली की आधी ग्राफिक्सचा भाग जागा व्हायचा, कार्डावरून बूटकोड.बिन आणि मग स्टार्ट.एल्फ या फाइली उचलायचा, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीत ठेवायचा आणि त्यानंतर मुख्य प्रोसेसरला उठवायचा. हिरवा दिवा चारदा लुकलुकला तर स्टार्ट.एल्फ सापडत नाही, सातदा तर कर्नल. दिवे मोजा, कार्ड बदला, विषय संपला.

२०१६च्या पाय ३ मध्ये कार्डाऐवजी यूएसबी ड्राइव्हवरून बूट, म्हणजे सुरू, होण्याची सोय आली, पण ती त्याच न बदलता येणाऱ्या कोडमध्ये. काही ड्राइव्ह वेळेत जागेच व्हायचे नाहीत. मग फक्त बूटकोड.बिन असलेलं कार्ड खोचून ठेवायचं. म्हणजे कार्ड टाळण्यासाठी कार्ड.

जून २०१९मध्ये पाय ४ आला आणि बूटकोडचं काम कार्डावरून बोर्डावरच्या ईईप्रॉमकडे, म्हणजे पुन्हा लिहिता येणाऱ्या छोट्या मेमरी चिपकडे गेलं. आमच्या ऐरोलीच्या टोळक्यात यावरून आजही दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं असं, की पायची खरी गंमत बोर्ड कोरा असण्यात होती. कार्ड काढलं की तीस बोर्ड सारखे. आता तेच कार्ड एका बोर्डावर चालतं आणि शेजारच्यावर नाही, कारण दोघांच्या ईईप्रॉमची आवृत्ती आणि बूटचा क्रम वेगळा. तक्रार खोटी नाही. तरी मला हा निर्णय पटतो. सुरुवातीला पाय ४ ला यूएसबी बूट येतच नव्हतं. २०२०मध्ये ते नुसत्या अपडेटने आलं, नवा बोर्ड घ्यावा लागला नाही. शिवाय ईईप्रॉम बिघडलं तर रिकव्हरीचं कार्ड घालायचं, स्क्रीन हिरवी झाली की काम झालं.

चुकलं ते नावात. पाय ४ वर ‘बूटलोडर’ म्हणजे ईईप्रॉम, पण स्टार्ट४.एल्फ कार्डावरच राहिलं आणि त्याला लोक ‘फर्मवेअर’ (हार्डवेअर चालवणारा मूळ कोड) म्हणत राहिले. पाय ५ मध्ये तेही ईईप्रॉममध्ये गेलं. त्याच सुमारास, पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ऑक्टोबर २०२३च्या बुकवर्म आवृत्तीत, कार्डाचं बूट पार्टिशन (सुरू होण्याच्या फाइलींचा कप्पा) ‘बूट’मधल्या ‘फर्मवेअर’ नावाच्या फोल्डरखाली दिसू लागलं. म्हणजे पाय ५ वर ‘फर्मवेअर’ फोल्डर उघडला, तर आतलं फर्मवेअर तो बोर्ड वापरतच नाही! जुन्या झेरॉक्स नोट्स पाहून मुलं अजून ‘बूट’मधलीच कॉन्फिग.टेक्स्ट ही सेटिंगची फाइल उघडतात. ‘ही फाइल हलवली आहे’ असं तिच्यात लिहिलेलं असतं, ते कोण वाचतो?

निम्म्या वेळा दोष यातल्या कशातच नसतो, विजेत असतो. मी स्वतः एका संध्याकाळी तीन कार्डं फ्लॅश केली आणि शेवटी घरातला फोनचा जुना चार्जर गुन्हेगार निघाला. व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं. माझ्याकडे स्क्रीनच जोडलेली नव्हती.

पाय ५ ने यात नवी भर घातली. त्याला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. ३ अँपिअरवर तो चालतो, पण यूएसबी ड्राइव्हवरून आपणहून बूट होत नाही. पॉवरचं बटण दाबेपर्यंत थांबून राहतो. आमच्या सोसायटीच्या गेटवरचा पाय असाच आहे. लाइट जाऊन आली की वॉचमनकाका खुर्चीवर चढून बटण दाबतात. कॉन्फिगमध्ये एक ओळ घातली की हे थांबेल, पण ती कुठल्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये घालायची, यावर कमिटीतल्या दोघांचं अजून एकमत नाही.