कट्ट्यावरच्या विडीच्या गप्पा : निपाणी-बेळगाव भागातली मागची गोष्ट

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, बेळगाव, कुठंही जा, संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर नाहीतर स्टँडजवळच्या टपरीवर सत्तरीतली मंडळी बसलेली असतात आणि थोड्या वेळात विषय विडीवर येतोच. "काय गा, डॉक्टरनं सोड म्हटलं न्हवं तुला?" "म्हटलं की, मी केव्हाच सोडलोय, तीच सोडंना झालीय." मग कुणीतरी म्हणणार, आमच्या आज्जानं नव्वदीपर्यंत चिलीम ओढली, काय झालं त्याला? मग हशा, मग खोकला, आणि तिथनं गाडी शाळेच्या दिवसांवर. बाहेरच्या माणसाला वाटेल म्हातारी माणसं आहेत, टाइमपास चाललाय. पण या भागात तंबाखू ही नुसती सवय कधीच नव्हती, घर चालायचं तिच्यावर, त्यामुळं या चेष्टेच्या मागं काय काय आहे ते जरा सविस्तर लिहितोय.

तंबाखू आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणली, सोळाव्या शतकाच्या शेवटी-सतराव्याच्या सुरुवातीला. पण निपाणी भागाचं नाव झालं ते विडीच्या तंबाखूनं. काळी जमीन, पावसाळ्यात लावण, मग शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, पान जाड झालं की थंडी संपता संपता कापणी आणि शेतातच उन्हावर वाळवण. शेंडे खुडायला लहान हात बरे म्हणून शाळा सुटली की पोरं थेट रानात. आज कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकी कितीतरी जण ते काम केलेले आहेत. हाताला काळा चीक चिकटायचा, कितीही धुतला तरी भाकरी कडू लागायची, आणि ओल्या पानात दिवसभर राहिलं की मळमळ, चक्कर, उलटी. घरचे म्हणायचे तंबाखू लागली, जरा पड, गूळ खा. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतनं अंगात जातं हे आता डॉक्टर सांगतात, तेव्हा ते कुणी पोरांना सांगितलं नाही. म्हणजे विडी तोंडात जायच्या आधीच तंबाखू यांच्या अंगात गेलेली होती, हे मला या सगळ्यात जास्त लागतं.

गावात वखारी. वाळलेला पाला तिथं यायचा, कुटला-चाळला जायचा आणि ते काम बहुतेक बायकांचं, नाकाला पदर बांधून, धुरळ्यात. विड्या वळायच्या त्याही घरोघरी बायकाच, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन. त्यांच्यासाठी विडी-सिगार कामगारांचा कायदा १९६६ ला आला आणि कल्याण निधीचा १९७६ ला. तंबाखूवर केंद्राची एक्साईज, म्हणजे मालावरचा कर, १९४३ पासून होती, त्यामुळं एक्साईजचा साहेब हा गावातला मोठा माणूस, त्याच्या नावानं आजही कट्ट्यावर गोष्टी निघतात. कच्च्या तंबाखूवरची ती एक्साईज १९७९ ला उठली. मधे १९५६ ला राज्यं बदलली, निपाणी-बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, पण त्यानं तंबाखूचं काही बदललं नाही, शेतकऱ्याला भाव व्यापारी सांगेल तोच.

त्या भावासाठीच १९८१ चं आंदोलन झालं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आणि निपाणीचे प्रा. सुभाष जोशी पुढं होते, हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर हायवेवर बायकापोरांसकट ठाण मांडून बसले, तिथंच जेवण तिथंच झोप, तीन आठवड्यांच्या वर. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ शेतकरी गेले. कट्ट्यावर विडीची चेष्टा चालली असताना कुणी या साली रस्त्यावर बसलेला माणूस तिथं असला तर आवाज खाली येतो, आणि ते बरोबरच आहे. तंबाखू वाईट आहे असं या माणसांना सांगायला जाताना हे माहीत असलेलं बरं, कारण त्याच पाल्याच्या दरासाठी शेजारचा माणूस मेलेला त्यांनी पाहिलाय.

आता लहानपणाच्या आठवणी. चारमिनार, पनामा, पासिंग शो, सिझर, या सिगरेटच्या रिकाम्या पाकिटांचे डाव व्हायचे, रिंगणात पाकिटं मांडायची आणि फरशीच्या तुकड्यानं उडवायची, ज्या ब्रँडचं पाकीट गावात कमी मिळायचं त्याचा भाव जास्त. काड्यापेटीचे छाप वेगळेच जमवायचे. नंतरच्या पोरांना फँटमच्या गोड सिगरेटी मिळाल्या, टोकाला लाल रंग, ओठात धरून चौकात उभं राहायचं. मोठ्यांनी टाकलेली थोटकं गोळा करून ओढ्याच्या काठाला ओढलेला पहिला झुरका, ठसका, वडलांचा मार, हे तर प्रत्येकाचं असतंय. बेळगावात चित्रा, प्रकाश, ग्लोबला पिच्चर बघताना पडद्यावर जाणाऱ्या उजेडात धूर दिसायचा, एस्टीत ड्रायव्हरच्या मागं बसून लोक ओढायचे आणि कुणी कुणाला काही म्हणायचं नाही.

म्हणणार कसं, कुणाला ठाऊकच नव्हतं. सिगरेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० ला मांडला, अमेरिकेच्या सर्जन जनरलचा रिपोर्ट १९६४ चा. आपल्याकडं पाकिटावर वैधानिक इशारा आला तो १९७५ च्या कायद्यानं, आणि तो कायदा फक्त सिगरेटचा. विडीच्या बंडलाला तो लागू नव्हता! खेड्यात सिगरेट ओढणारा एखादा मास्तर नाहीतर पाटील, बाकी सगळं गाव विडीवाला, म्हणजे इशारा ज्याला पाहिजे होता त्याच्या हातात तो आलाच नाही. २००३ च्या कायद्यात विडी, तंबाखू, सगळं आलं, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी कडक झाली आणि ३१ मे २००९ पासून पाकिटावर चित्रं. तोवर आज कट्ट्यावर बसणारी पिढी पन्नाशी पार करून गेलेली.

त्यामुळंच "विडी पाल्याची, सिगरेटपेक्षा बरी" हे वाक्य अजून ऐकू येतं. ते खरं नाही. विडीत तंबाखू कमी असते हे बरोबर, पण तेंदूचं पान नीट जळत नाही, विडी विझते, म्हणून ती जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि टार, निकोटीन, कार्बन मोनॉक्साईड सिगरेटीपेक्षा कमी जात नाही. पायाच्या बोटांच्या रक्तवाहिन्या बंद होऊन बोटं काळी पडणं हे आपल्या भागात विडीवाल्यांचंच दुखणं. पूर्वी असं काही झालं की मिरजेला न्यायचे, वॉन्लेस साहेबानं १८९४ ला काढलेला मिशन दवाखाना, आणि मिरजेला नेलंय म्हटलं की घरात चूल पेटत नव्हती.

आणि नव्वदीच्या आज्जाचं उदाहरण. तो आज्जा खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण कट्ट्यावर बोलायला तोच येतो जो राहिलाय. त्याच्याबरोबर फुटवे काढणारे, त्याच पेटीतल्या काडीनं विडी पेटवणारे जे पन्नाशीत दम लागून नाहीतर घशाच्या कॅन्सरनं गेले ते वाद घालायला कुठनं येणार. "आता या वयात सोडून काय होणार" यालाही उत्तर आहे. डॉल यांनीच ब्रिटिश डॉक्टरांवर ५० वर्षं नजर ठेवून २००४ ला सांगितलं की जन्मभर सिगरेट ओढणाऱ्याची सरासरी १० वर्षं जातात, पण साठीला सोडली तरी साधारण ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीला सोडली तर ६. तीन वर्षं म्हणजे नातवाचं कॉलेज पुरं होतं की.

कट्ट्यावर ज्यांचं नावच निघत नाही त्या बायका. वखारीत धुरळा खाल्लेल्या आणि घरी सकाळ-दुपार-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातासाठी चांगली असं समजून आज्जीनं सुनेला दिली, सुनेनं लेकीला. देशात २०१६-१७ च्या सर्व्हेत पंधराच्या वरच्या माणसांत विडी ओढणारे ७.७ टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २१.४ टक्के निघाले, म्हणजे मोठा भाग तोंडात ठेवणाऱ्यांचाच. आज्जीला विचारलं तर ती म्हणणार मी कुठं तंबाखू खाते, मिश्री लावते. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरला हे आपणहून सांगा, गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आहे का बघायला लावा.

आता शेतात ऊस वाढलाय, तंबाखू कमी झालीय, पण गेली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी कौन्सिलनं सिगरेट-गुटख्याला ४० टक्क्यांचा दर ठरवला आणि विडीचा २८ वरनं १८ वर आणला, विडी कामगारांचा विचार करून. कर्नाटकानं तंबाखू विकत घ्यायचं वय १८ वरनं २१ केलंय, सार्वजनिक ठिकाणी ओढली तर दंड १००० रुपये. कोगनोळी ओलांडून कागलात गेलं की महाराष्ट्र, तिथं वय १८ च.