समाजमाध्यम व्यवस्थापन, लघुव्यवसायांचे (मुंबई)

समाजमाध्यम व्यवस्थापन : छोटी दुकाने, दवाखाने, शिकवणी वर्ग, खाणावळी व घरगुती उद्योग यांची समाजमाध्यमांवरील खाती मोबदला घेऊन सांभाळण्याचा व्यवसाय. खात्यावर काय, केव्हा आणि कोणत्या भाषेत टाकायचे हे ठरवणे, छायाचित्रे व रील तयार करणे, विचारणांना उत्तरे देणे, पैसे भरून जाहिरात सोडणे आणि महिनाअखेरीस त्याचा हिशेब दुकानदारापुढे ठेवणे ही त्यातील मुख्य कामे. बोलीत याला ‘पेज सांभाळणे’ किंवा नुसतेच ‘सोशल मीडिया बघणे’ म्हणतात. बिलावर मात्र बहुधा ‘सोशल मीडिया हँडलिंग’ असे लिहिलेले आढळते. मुंबई, ठाणे, डोंबिवली या पट्ट्यात हे काम बव्हंशी एकटी व्यक्ती किंवा दोघातिघांचा गट घरूनच करतो.

संज्ञा : ‘सोशल मीडिया’ हा शब्दप्रयोग प्रथम कोणी केला याविषयी एकमत नाही. डॅरेल बेरी यांनी टोकियोत १९९४-९५ च्या सुमारास तो वापरला असे एक मत. त्याच काळात टीना शार्की यांनी तो स्वतंत्रपणे योजला असे दुसरे. आणि एओएल या कंपनीतील टेड लिऑन्सिस यांच्याकडे १९९७ मध्ये त्याचे श्रेय देणारे तिसरे. तिन्ही दावे मुख्यतः नंतरच्या आठवणींवर उभे आहेत. बेरी यांच्या बाजूने १९९५ चा लेख दाखवता येतो, म्हणून त्यांचे पारडे किंचित जड मानावे लागते. शब्द सर्वतोमुखी झाला तो मात्र २००४ नंतर, ऑर्कुट व फेसबुक यांच्या काळात.

मराठीत ‘सामाजिक माध्यम’ आणि ‘समाजमाध्यम’ असे दोन पर्याय रूढ आहेत. ‘सामाजिक’ या विशेषणाला मराठीत समाजहिताचा, समाजकार्याचा अर्थ घट्ट चिकटलेला आहे (सामाजिक कार्यकर्ता, सामाजिक संस्था, सामाजिक बांधिलकी). त्यामुळे साड्यांच्या सेलची जाहिरात ‘सामाजिक माध्यमावर’ टाकली असे म्हणताना अर्थ अडखळतो. ‘प्रसारमाध्यम’ या जुन्या सामासिक शब्दाच्या वळणावर गेलेला ‘समाजमाध्यम’ ही अडचण टाळतो. प्रस्तुत नोंदीत तोच स्वीकारला आहे.

उगम व काळ : फेसबुकने व्यवसायांसाठी ‘पेज’ ही सोय नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू केली. मुंबईच्या महाविद्यालयीन वर्गात तेव्हा ऑर्कुटचा बोलबाला होता, त्यामुळे मोबदला घेऊन पेज सांभाळण्याचा प्रघात येथे साधारणतः २००९ ते २०१२ च्या दरम्यान पडला असावा. तोही आधी मोठ्या कंपन्यांपुरता. लहान दुकानदार या व्यवहारात आला तो स्वस्त मोबाइल डेटा आल्यावर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपचे व्यवसायांसाठीचे ॲप आले आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले शटरही खाली ओढले. या तीन टप्प्यांपैकी निर्णायक कोणता, यावर मतभेद संभवतो. लालबाग, गिरगाव, पार्ले येथील किराणा आणि फराळाच्या धंद्यापुरते बोलायचे तर टाळेबंदीचा टप्पा महत्त्वाचा धरणे अधिक योग्य. कारण त्या काळात ‘ऑर्डर’ हा शब्द दुकानाच्या फळीवरून फोनच्या पडद्यावर गेला आणि कायमचा तिथेच राहिला.

या पेशाचा वंशवृक्ष दोन प्रकारे मांडता येतो. पहिल्या मांडणीनुसार तो मुंबईच्या जाहिरातसंस्थांच्या परंपरेतून आला. गिरगावातील बी. दत्ताराम आणि कंपनी (१९०५) ही भारतातील सर्वांत जुन्या जाहिरातसंस्थांपैकी एक समजली जाते; जे. वॉल्टर थॉम्पसन १९२९ मध्ये आणि लिंटास १९३९ मध्ये मुंबईत आली. ‘ब्रीफ’ (काय हवे याची सूचना), ‘क्रिएटिव्ह’, ‘रिटेनर’ (दरमहाचा ठरावीक मोबदला), ‘क्लायंट’ हे शब्द त्याच घराण्याचे आहेत आणि अशा संस्थांतून बाहेर पडून स्वतःचे काम सुरू करणारेही आहेत.

दुसरी मांडणी या पेशाचे मूळ गल्लीत शोधते. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर, हँडबिले छापणारा छापखाना, केबलवर खालून सरकणारी पट्टी लावून देणारा केबलवाला आणि गणेशोत्सव मंडळाच्या अहवालासाठी जाहिराती गोळा करणारा कार्यकर्ता हे तिच्या मते खरे पूर्वज. शब्दसंग्रह पहिल्या मांडणीला पुष्टी देतो, व्यवहार दुसरीला. दुकानदार आजही एका ओळखीच्या माणसाला काम देतो, करार तोंडी असतो, दर घासाघीस करून ठरतो. शिवाय दर सणाला शुभेच्छांची पोस्ट हवीच हा आग्रह जाहिरातशास्त्रातून आलेला नाही. मंडळाच्या अहवालातील पाव पानाच्या चौकटीत दुकानाचे नाव, पत्ता आणि वर ‘शुभेच्छुक’ हा शब्द, या प्रथेचे ते सरळ पुढचे रूप आहे. अशा पोस्टने विक्री वाढते का, हा प्रश्न त्यामुळे दुकानदाराच्या लेखी गौण ठरतो. वस्तीत आपले नाव सणाच्या दिवशी दिसले पाहिजे, एवढेच त्याला हवे असते. नव्याने काम सुरू करणाऱ्याने ही मागणी हसण्यावारी नेऊ नये.

लिपीचा प्रश्न : मराठी गिऱ्हाइकांसाठी काम करताना पहिली अडचण येते ती अक्षरांची. जुने छापखाने श्रीलिपीसारख्या प्रणालींवर मजकूर जुळवत आले. या प्रणालींच्या जुन्या टंकांत (फाँटमध्ये) देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली असत. परिणामी छापखान्याकडून आलेला मजकूर पोस्टखाली चिकटवला की वाचता न येणारी रोमन अक्षरे उमटतात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, परिवर्तित करावा लागतो, आणि परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’ यांतील अर्धा र पुन्हा एकेक करून तपासावा लागतो. मजकूर चित्रातच बसवून टाकण्याची पळवाट सोपी, परंतु चित्रातली अक्षरे शोधात सापडतीलच याची शाश्वती नसते. म्हणून दुकानाचे नाव, माल आणि ठिकाण हे तिन्ही चित्राबाहेरच्या मजकुरात युनिकोडमध्ये असणे आवश्यक.

दुसरा बारकावा वळणाचा. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणे स्वीकारली. युनिकोडमध्ये मात्र मराठी ल आणि हिंदी ल यांचा संकेतांक एकच आहे. कोणते वळण दिसेल हे टंकावर, आणि काही टंकांत भाषेच्या निवडीवर अवलंबून असते. कॅनव्हासारख्या तयार साच्यांच्या साधनात ही निवड बहुधा हाती नसते, त्यामुळे मराठी दुकानाच्या पोस्टवर हिंदी वळणाचे ल आणि श सर्रास दिसतात. अक्षरे वाचता येतात, पण पाटीवर पेंटरने काढलेला ‘ल’ आणि फोनवरचा ‘ल’ वेगळा पडतो, आणि जुन्या गिऱ्हाइकाच्या डोळ्याला ते खुपते. मुंबईतील एक टाइप या टंकनिर्मात्या गटाचे मुक्ता व बलू हे टंक मुक्त परवान्याने मिळतात. विकत टंक घेण्याची ऐपत नसलेल्याने निदान असा सुघड टंक ठरवून तोच कायम वापरावा.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातील सर्व दुकानांना, कामगार कितीही असोत, मराठी पाटी बंधनकारक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. हा नियम फलकापुरता आहे. फोनवरची भाषा गिऱ्हाईक ठरवते. दादरच्या हिंदमाता येथील साडीविक्रेत्याला मराठी, हिंदी, गुजराती अशी सरमिसळ चालते, लालबागच्या चिवडा गल्लीतील दुकानाला मराठी शोभते. मराठी शाळेत शिकलेल्या तरुण-तरुणींना या पेशात जो खरा वाव आहे तो येथे आहे. शुद्ध, बोलके आणि वस्तीला ओळखीचे वाटणारे मराठी लिहिता येणे हे कौशल्य आहे, त्याचे स्वतंत्र पैसे मागावेत.

खाते कोणाचे : या पेशातील सर्वाधिक भांडणे दरावरून होत नाहीत, ती खात्याच्या मालकीवरून होतात. पेज दुकानदाराच्या भाच्याने केव्हातरी काढलेले असते, इन्स्टाग्रामचा पासवर्ड जुन्या नोकराकडे असतो आणि ओटीपी बंद पडलेल्या क्रमांकावर जातो. फेसबुकचे पेज व्यक्तिगत प्रोफाइलमार्फत चालते. त्यामुळे दुकानदाराच्या स्वतःच्या प्रोफाइलकडे पूर्ण नियंत्रण ठेवावे आणि सांभाळणाऱ्याने कामापुरता प्रवेश घ्यावा, पासवर्ड मागू नये. इन्स्टाग्रामचे व्यावसायिक खाते पेजला जोडले की तेथेही मेटाच्या (फेसबुक व इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीच्या) व्यवसाय-साधनातून असा प्रवेश देता येतो. जाहिरातीचे पैसेही दुकानदाराच्याच कार्डावरून जावेत. सांभाळणाऱ्याच्या कार्डावरून गेले की ते त्याची उलाढाल फुगवतात आणि बिल थकले की त्याच्याच अंगावर येतात.

तयार मजकुराचा हक्क हा याहून गुंतागुंतीचा विषय. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला हक्कदार, उलट करार नसल्यास, त्याला नोकरीवर ठेवणारा असतो. कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेले छायाचित्र किंवा केलेले चित्रीकरण त्या सांगणाऱ्याचे असते. मात्र स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेला मजकूर या सवलतीत येत नाही. तो लेखी हस्तांतर होईपर्यंत लिहिणाऱ्याचाच राहतो. हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणजे एकाच पोस्टमधला फोटो दुकानदाराचा आणि त्याखालच्या ओळी सांभाळणाऱ्याच्या, अशी स्थिती उद्भवते. एका पानाचा मराठी करार करून हे आधीच मिटवणे उत्तम. गाण्यांबाबतही सावध राहावे : इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्यांना लोकप्रिय गाण्यांचा पूर्ण संग्रह खुला नसतो. व्यक्तिगत खात्यावरून गाणे लावून तीच रील दुकानासाठी वापरणे हक्कभंगाला आमंत्रण देते.

गिऱ्हाइके व हंगाम : मुंबईचे काम हंगामी. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला आणि हापूस, जूनमध्ये छत्र्या व शाळेचे साहित्य, श्रावणापासून मखरे व गणेशमूर्तींची नोंदणी, पितृपक्षात सामसूम, मग फराळ आणि कंदील. हापूस विकणाऱ्याचे काम घेताना पेटीवरच्या नावाची खात्री करावी. कोकणातील रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुसरीकडचा आंबा ‘देवगड’ म्हणून खपवणारी पोस्ट लिहिणारा त्या फसवणुकीत सहभागी ठरतो.

काही पेशांच्या जाहिरातीवर मुळातच बंधने आहेत. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी जाहिरात करण्यास मनाई आहे. डॉक्टरांना २००२ च्या आचारनियमांनी रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही. ठरावीक रोग बरे करण्याच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय अधिनियमाखाली गुन्हा ठरतात, आयुर्वेदिक दवाखान्यांनाही हे लागू आहे. घरांच्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये, पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस ‘जाहिरात’ म्हणून दाखवावी असा दंडक घातला. वस्तीतल्या एखाद्या खवय्याला फुकट थाळी देऊन रील करून घेतली, तरी तो लागू होतो.

सुरुवात व नोंदणी : पहिले गिऱ्हाईक बहुधा ओळखीतले असते. तीन महिन्यांचे काम नीट नोंदून ठेवावे : कोणत्या पोस्टनंतर किती फोन आले, किती जण दुकानात आले. फॉलोअरच्या आकड्यापेक्षा हेच पुढच्या गिऱ्हाइकाला पटते. पारिश्रमिक महिन्याला ठरावीक घेतात आणि त्यात पोस्ट किती, रील किती, बदल किती वेळा हे मोजून ठेवतात.

सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेतो जीएसटी नोंदणी सामान्यतः लागत नाही. समजा, दरमहा १५,००० रुपये देणारी ११ गिऱ्हाइके असतील तर वर्षाचे १९ लाख ८० हजार होतात. बारावे मिळताच मर्यादा ओलांडते आणि बिलावर १८ टक्के लावावे लागतात. नोंदणी नसलेला छोटा दुकानदार ही वाढ आपल्या करातून वळती करू शकत नाही, म्हणून बारावे गिऱ्हाईक घेण्याआधी दर नव्याने ठरवावेत. राज्याचा व्यवसायकर वर्षाला २,५०० रुपये. लघुउद्योगांसाठीची केंद्राची ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे आणि ती अवश्य करावी. तिच्या आधारे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या अधिनियमानुसार बिलाची रक्कम लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत मिळण्याचा हक्क सांगता येतो आणि उशिरावर चक्रवाढ व्याज मागता येते.

माध्यमांची अस्थिरता : ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि काही दिवसांतच, जुलैमध्ये, इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. दोन्ही वेळा तिथे जमवलेली माणसे दुकानांच्या हातून गेली. यासाठी गिऱ्हाइकांची नावे व क्रमांक, त्यांची संमती घेऊन, दुकानदाराच्या स्वतःच्या वहीत उतरवून ठेवण्याची पद्धत काही जण पाळतात. काम सोडताना ती वही, खात्यांचे प्रवेश आणि मूळ छायाचित्रे दुकानदाराकडे एकत्र सोपवली जातात, आणि सांभाळणारा आपला प्रवेश त्याच्यासमोर काढून टाकतो.