बंद केलेल्या मोटारीत वीज कुठून येते?

जायकवाडीचं पाणी छत्रपती संभाजीनगरला उतारानं येत नाही, ते चढवावं लागतं. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी शेतात न्यायचं, तर तेही उपसूनच. परळीच्या औष्णिक केंद्रात बॉयलरला पाणी देणारे पंप आणि धूर ओढणारे पंखे आहेत ते वेगळेच. इतक्या मोठ्या कामाच्या मोटारी विहिरीवरच्या ४१५ व्होल्टच्या मोटारीसारख्या नसतात. त्यांना बहुधा ३,३०० किंवा ६,६०० व्होल्ट देतात, कारण तेवढीच शक्ती कमी व्होल्टेजनं द्यायची तर करंट वाढतो आणि केबल परवडणार नाही इतकी जाड होते.

स्टार्टरचं तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच. बटण दाबलं की कॉइल ओढते आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, बसतो. थेट चालू होताना मोटार नेहमीच्या सहा-सात पट करंट खेचते, तोही त्याच कॉन्टॅक्टरमधून जातो. फरक पडतो तो सुटताना. संपर्क सुटले की त्यांच्यात आर्क, म्हणजे विजेची ज्वाला, पेटते. शेतातल्या स्टार्टरमध्ये ती हवेत विझते. एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या) स्टार्टरमध्ये संपर्क निर्वात बाटलीत बंद असतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी आर्क विझते, धातूची वाफ गोठून जाते आणि काही मिलिमीटरची पोकळी पूर्ण व्होल्टेज अडवून धरते.

या बाटलीच्या आत डोकावता येत नाही. झीज बाहेरच्या खुणेवरून किंवा गेजनं मोजायची. निर्वात टिकलंय का, हे उघड्या संपर्कांवर उच्च व्होल्टेज देऊन तपासायचं. या चाचणीत बाटलीतून क्ष-किरण निघू शकतात, म्हणून उत्पादकानं सांगितलेलं व्होल्टेज आणि अंतर दोन्ही पाळायचं.

पण खरा धोका तपासणीच्या आधीचा आहे. हँडल खाली ओढलं, दिवा विझला, म्हणजे पॅनेल (स्टार्टरची पेटी) मेलं, असं नाही. वीज मागच्या दारानं येते.

पहिला मार्ग कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा. तो ६,६०० व्होल्टचे ११० करून कॉइलला देतो. मुख्य पुरवठा बंद असताना कॉन्टॅक्टर ओढतोय का हे पाहायला वायरमन बाहेरून ११० व्होल्ट जोडतो. ट्रान्सफॉर्मर तिथून सोडवलेला नसेल, तर तो उलटा चालतो आणि ११० चे पुन्हा ६,६०० करतो, तेही ‘बंद’ पॅनेलमध्ये. चांगल्या पॅनेलमध्ये टेस्ट स्विच ही वाट तोडतो. घाईत लावलेली वायर त्या स्विचला वळसा घालून जाते.

दुसरा मार्ग पाण्याचा. पंप थांबल्यावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसला नाही, तर वरच्या पाइपातलं पाणी खाली धावतं आणि पंप उलटा फिरू लागतो. मोटारीच्या टर्मिनलला कपॅसिटर जोडलेले असतील, तर पुरेशा वेगात तीच मोटार जनित्र होते आणि केबलमधून स्टार्टरपर्यंत व्होल्टेज पाठवते. आणि मोटार फिरत नसली, तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरतोच.

तिसरा मार्ग माणसाचा. आपल्याकडे शेतातला स्टार्टर ‘ऑटो’वर ठेवतात, रात्री लाइट आली की मोटार आपोआप सुरू. मोठ्या पंपगृहात ते काम दूरच्या कंट्रोल रूममधलं बटण करतं.

म्हणून आधी लेखी परमिट (कामाची परवानगी). मग आयसोलेटर (पुरवठा तोडणारा स्विच) उघडून कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. पेचकसासारखा टेस्टर इथे खेळणं आहे, हातात धरण्याजोगं तर नाहीच. त्या व्होल्टेजसाठी बनवलेला डिटेक्टर इन्सुलेटेड काठीवर लावून आधी चालू लाइनवर, मग आपल्या पॅनेलवर, मग पुन्हा चालू लाइनवर लावायचा. मधल्या चाचणीच्या वेळी डिटेक्टरच बिघडलेला नव्हता, हे तेव्हाच कळतं. शेवटी तिन्ही फेजना अर्थिंग. माझ्या मते सगळ्यांत जास्त टाळाटाळ होते ती याच शेवटच्या पायरीवर. चुकलं तर भडकणाऱ्या आर्कचं तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांवर असतो.

एवढं झाल्यावरची तपासणी निवांत होते. इन्सुलेटरवर काळ्या रेघा दिसल्या तर तिथून वीज वाट काढतेय. पांढरी भुकटी आणि ओझोनचा उग्र वास आला तर हवेत विजेची बारीक गळती (डिस्चार्ज) चालू आहे. चांदीचा मुलामा काळवंडला म्हणून त्यावर कानस चालवू नये. तो काळेपणा सहसा आड येत नाही, मुलामा मात्र जातो. सैल नटबोल्ट जास्त महाग पडतो: १०० अँपिअरला जोडात एक मिलीओहम रोध असला, तरी १० वॉट उष्णता सतत एकाच ठिकाणी साचते. मराठवाड्याच्या मे महिन्यात हवाच ४० अंशांच्या पुढे असते, आणि स्विचगिअरचं रेटिंग सहसा ४० अंश धरूनच ठरवतात.

केबलची भोकं बुजवायला विसरू नये. पाल आत शिरली की दोन फेजमधलं अंतर तीच भरून काढते.

उन्हाळाभर साचलेली धूळ पहिल्या पावसात ओल धरते आणि मेगरचं (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग घसरतं. (मेगर झाल्यावरही केबल डिस्चार्ज करायची, तिच्यात चार्ज राहतो.) ही ओल रोखायला पॅनेलमध्ये छोटा हीटर असतो. मोटार बंद असताना तो चालू राहायलाच हवा, म्हणून त्याला वेगळा २३० व्होल्टचा पुरवठा देतात. मुख्य आयसोलेटर उघडल्यानं तो बंद होत नाही, तेव्हा परमिटमध्ये हीटरच्या एमसीबीचाही नंबर लिहून घ्यायचा.