टेप रंग वाळल्यावर काढायची की आधी?

‘रंग खडखडीत वाळल्याशिवाय मास्किंग टेप काढू नका, नाहीतर कड बिघडते.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पोकळ गिटारला लॅकर (लाकडावरचा चकचकीत लेप) मारताना मात्र तो नेमका उलटा पडतो.

लॅकरचा थर लाकडावरून सलग टेपवर चढतो. तो मऊ असताना टेपेबरोबर कडेशी साफ तुटतो. कडक झाला की तडकतो, आणि बाइंडिंगलगत, म्हणजे गिटारच्या कडेच्या पट्टीलगत, टवका उडतो. सल्ल्यात तथ्य एवढंच, की रंग अजून वाहत असताना टेप ओढली तर ओघळ येतो. म्हणून शेवटचा हात मारल्यावर टेपवरच्याच रंगात नख टोचून बघा, गिटारवर नको. रंग वाहत नाही पण नख रुततंय, अशा वेळी टेप उलटी दुमडून सावकाश काढा. उशीर झालाच तर आधी कडेवर नव्या ब्लेडची हलकी रेघ मारा.

पटत नसेल तर प्लायच्या तुकड्यावर दोन टेपा लावून फवारा. एक अशी नख रुततंय तेव्हा काढा, दुसरी दोन दिवसांनी. दोन्ही कडांवरून बोट फिरवा, फरक हाताला लागेल.

एफ-होल, म्हणजे गिटारच्या अंगावरचं f आकाराचं भोक, झाकायला साचा हवा, तर त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की साच्याची कड उमटते. मान जिथे चिकटवायची तो सांधाही झाकाच, सरस कोऱ्या लाकडालाच नीट धरतो.

आणि आपल्या कोकणात आषाढात लॅकर दुधाळ दिसला, तर तो हवेतल्या दमटपणाचा परिणाम. तिथे टेपेचा काही दोष नाही.