वयाची चिडचिड आणि ऑनलाइन छळाचा ताण

नववी-दहावीतलं मूल दार लावून बसू लागलं की घरातले म्हणतात, 'वयच तसं आहे.' बहुतेकदा ते खरंही असतं. पण ऑनलाइन छळ सोसणारं मूलही बाहेरून असंच दिसतं, म्हणून तो महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

झोपेचंच बघा. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं. मुलं उशिरापर्यंत जागतात, सकाळी उठवत नाही. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. छळाने झोप वेगळ्या तऱ्हेने मोडते. मूल दमलेलं असतं, तरी मध्यरात्री जागं होऊन ग्रुपवर आपल्याबद्दल आणखी काय आलंय ते बघतं. शाळेतली दांडगाई निदान घरी आल्यावर थांबायची. ही उशाशी असते, आणि एक फोटो जितके जण पुढे पाठवतील तितक्यांदा नव्याने घडते.

वयाची चिडचिड येते नि ओसरते. आईशी कडाक्याचं भांडलेलं पोर तासाभरात मित्रांशी खिदळत असतं. छळात नेमके मित्रच तुटतात. आवडीचा खेळ सुटतो, शाळेच्या दिवशी पोट दुखतं, मेसेज वाजला की चेहरा उतरतो. नुसता फोन लपवण्यावरून मात्र काही ठरवू नका, या वयात प्रेमातही तो लपवला जातो. अनेक बदल एकदम आले आणि दोन आठवडे टिकले, तर वयावर ढकलू नका.

हे मी इतकं आग्रहाने सांगतोय, कारण धोका खरा आहे. 30 देशांतल्या दीड लाखांहून अधिक मुला-तरुणांवरच्या अभ्यासांचा आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑनलाइन छळ झालेल्यांमध्ये स्वतःला इजा करून घेण्याची आणि आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता दुपटीहून जास्त आढळली.

मुलं सांगत नाहीत, कारण फोन जाईल ही भीती. म्हणून बोलणं 'फोन तुझ्याकडेच राहील' इथून सुरू करा. मेसेज पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मन फार खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे, आणि सायबर गुन्ह्याच्या तक्रारीसाठी 1930.