विमानतळावरचा चार्जर: स्वस्ताईचा समज आला कुठून?

‘विमानतळावर इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त मिळतं’ हे कोल्हापुरात अजून ऐकू येतं. बहुतेक वेळा सांगणारे काका आखातात नोकरी केलेले असतात. त्यांच्या काळात ते खरंही होतं.

१९४७ साली आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर ब्रेंडन ओ’रेगन यांनी पहिलं ड्यूटी-फ्री, म्हणजे शुल्क न लावता माल विकणारं दुकान काढलं. अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथं इंधनासाठी उतरत आणि प्रवासी रिकामे बसत. पुढं ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडं १९९१च्या आधी परदेशी मालावर जबर आयातशुल्क आणि परवान्यांची कटकट. त्यामुळं दुबईहून येणाऱ्याकडं टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र), कॅमेरा, व्हीसीआर यांची यादी अख्ख्या गल्लीतून जायची.

हा फरक हळूहळू आटला. माहिती तंत्रज्ञानाच्या मालावरच्या जागतिक करारात भारत १९९७ला सामील झाला, पुढच्या काही वर्षांत संगणकासारख्या वस्तूंवरचं शुल्क शून्यावर आलं. टीव्हीची मौज थोडी जास्त टिकली, पण २६ ऑगस्ट २०१३पासून सपाट टीव्ही प्रवाशाला शुल्काशिवाय आणता येणाऱ्या सामानाच्या सवलतीतून वगळला गेला. मोबाइलवर मात्र २०१७पासून शुल्क परत आलं, म्हणून दुबईच्या आयफोनची चर्चा अजून संपत नाही.

देशांतर्गत प्रवासात ड्यूटी-फ्रीचा प्रश्नच नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबईला किंवा हैदराबादला निघालेल्या माणसाला चार्जरवर तोच १८ टक्के जीएसटी, जो गावातल्या राजारामपुरीच्या दुकानात. वर दुकानाचं भाडं. २००६ला दिल्ली-मुंबईचे विमानतळ खासगी कंपन्यांकडं गेले, तेव्हापासून तिथं दुकानांचं उत्पन्न हा कमाईचा मोठा आधार झाला. दुकानदार भाड्याबरोबर विक्रीतला वाटाही देतो, आणि सुरक्षा तपासणी झालेलं गिऱ्हाईक काही परत बाहेर जात नाही. केबल घरी विसरलेला माणूस घासाघीस तरी कशी करणार?

पॉवर बँकेचं प्रकरण वेगळं. लिथियम बॅटरीला आग लागू शकते, म्हणून ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. मर्यादा १०० वॉट-अवर (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप); त्यापुढं १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. पण क्षमतेचा आकडा पुसलेली किंवा छापलेलाच नसलेली असेल तर तपासणीत अडते. कुठूनही घ्या, आधी तो आकडा वाचा.