तारामासा, पाठीतली दोरी आणि ऊतींचं वीणकाम

मराठवाड्याच्या आठपैकी एकाही जिल्ह्याला समुद्र लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेत समुद्र आहे तो एका काचेच्या बरणीत. फॉर्मलीनमध्ये बुडालेला एक तारामासा, रंग उडून राखाडी पडलेला, पाचांपैकी एका बाहूचं टोक तुटलेलं. दरवर्षी नवी मुलं ती बरणी उजेडाकडे धरून बघतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, याचं तोंड कुठंय?" मी बरणी कलती करतो. खालच्या बाजूला पाच खोबणी मधोमध येऊन मिळतात, तिथं ते बारीक तोंड असतं. खोबणींच्या कडेनं नलिकापादांच्या, म्हणजे चालायच्या बारीक नळ्यांच्या, रांगा दिसतात, सुकलेल्या शेवयांच्या तुकड्यांसारख्या. गुदद्वार वरच्या बाजूला असतं. मुलं ऐकतात, वहीत आकृती काढतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

पुढचा धडा समपृष्ठरज्जू प्राण्यांचा, म्हणजे पाठीत लवचीक दोरी असलेल्यांचा. त्याच्या पुढचा प्राणी ऊतींचा, म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींच्या समूहांचा. बहुतेक मुलांना वाटतं, ही तीन वेगळी प्रकरणं एका पेपरात बसवायची म्हणून शेजारी ठेवली आहेत. प्रश्नपत्रिकाही तसंच वाटायला लावते. पण या तिघांचा इतिहास एकत्र विणलेला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हे धडे शिकवूच नयेत असं माझं मत आहे.

आपल्या पायाखालचा खडकही इथं मदतीला येत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला इथं लाव्हाचे थरावर थर पसरले आणि खालचं सगळं झाकलं गेलं. उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या बाघच्या चुनखडीत सी अर्चिनचे, म्हणजे तारामाशाच्या काटेरी गोळ्यासारख्या नातलगाचे, जीवाश्म मिळतात, कारण तिथं एके काळी समुद्र आत शिरला होता. बीड-परभणीच्या मुलानं काळा बेसॉल्ट कितीही फोडला तरी त्यात तारामासा सापडायचा नाही. म्हणून आपल्याला या प्राण्यांची ओळख गोष्टीतूनच करून घ्यावी लागते.

गोष्ट ॲरिस्टॉटलपासून सुरू करता येते. त्यानं प्राण्यांचे 'रक्त असलेले' आणि 'रक्त नसलेले' असे दोन भाग केले, आणि सी अर्चिनच्या तोंडातल्या पाच दातांच्या सांगाड्याचं वर्णन केलं. तो सांगाडा आजही 'ॲरिस्टॉटलचा कंदील' याच नावानं शिकवतात. पुढं 1734 मध्ये क्लाइन या जर्मन अभ्यासकानं सी अर्चिनसाठी 'एकायनोडर्माटा' हे नाव योजलं. ग्रीकमध्ये 'एकायनॉस' म्हणजे काटेरी साळू आणि 'डर्मा' म्हणजे कातडी. आपलं 'कंटकचर्मी' त्याचंच सरळ रूप. पण नाव मिळालं म्हणून जागा मिळाली असं झालं नाही. लिनियसनं या प्राण्यांना 'कृमी' नावाच्या मोठ्या गाठोड्यात टाकलं. लामार्कनं पाठीचा कणा नसलेल्यांचा वेगळा अभ्यास उभा केला. क्युव्हिएनं शरीराची मांडणी पाहिली, तेव्हा त्याला तारामासा आणि जेलीफिश दोघंही मध्यबिंदूभोवती पसरलेले दिसले, म्हणून त्यानं दोघांना एकाच 'अरीय' गटात बसवलं. ही चूक पुढं काही दशकं टिकली. 1840 च्या दशकाच्या अखेरीस लॉइकार्टनं कंटकचर्मी वेगळे काढले. जेलीफिशच्या शरीरात एकच पोकळी असते. तारामाशाला स्वतंत्र अन्ननलिका आणि तिच्याभोवती वेगळी पोकळी, म्हणजे देहगुहा, आहे. नुसत्या बाहेरच्या आकारावरून नातं ठरवायचं नाही, हे तिथं पहिल्यांदा ठसलं.

खरा उलगडा झाला तो पिल्लांमुळे. बर्लिनचा योहानेस म्युलर समुद्राच्या पाण्यात बारीक जाळी फिरवून त्यात अडकलेले सूक्ष्म जीव बघायचा. 1840 च्या दशकात त्यानं कंटकचर्मींचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्लं, तपशिलानं वर्णन केले, आणि त्यात एक चकित करणारी गोष्ट होती. प्रौढ तारामासा पाच बाजूंचा, पण त्याचा डिंभ आपल्यासारखाच दोन सारख्या बाजूंचा, डावी आणि उजवी. पाच बाहू हे नंतर आलेलं सोंग. त्याच शोधात म्युलरला 'टॉर्नारिया' नावाचा एक डिंभ मिळाला आणि तो त्यानं तारामाशाचाच धरला. दोन दशकांनी रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफनं दाखवलं की हा डिंभ वाढून तारामासा होत नाही, तो बॅलॅनोग्लॉसस नावाचा वाळूत राहणारा मऊ, लांबट प्राणी होतो. बेटसननं 1880 च्या दशकात तोच प्राणी अभ्यासला आणि त्याच्या घशातल्या कल्ला-फटी वगैरे पाहून त्याचं नातं समपृष्ठरज्जूंशी जोडलं. आज पुस्तकात 'अर्धसमपृष्ठरज्जू' असं लिहिलेलं असतं ते त्यामुळे. म्युलरची ही चूक मला फार मोलाची वाटते. ज्या डिंभाला म्युलरसारख्यानं तारामाशाचं पिल्लू समजावं, तो निघाला कण्याच्या वाटेवरच्या प्राण्याचा. म्हणजे दोघांच्या पूर्वजांत काहीतरी सामाईक असणारच.

आता पाठीतल्या दोरीकडे येऊ. फॉन बेअर कोंबडीच्या अंड्यातला गर्भ दिवसागणिक उघडून बघत होता. 1828 मध्ये त्यानं गर्भाच्या पाठीत, चेतारज्जूच्या खाली, एक लवचीक दोरी असते असं नोंदवलं. हीच पृष्ठरज्जू. कणा तिच्याभोवती नंतर तयार होतो. पण ही दोरी कणा नसलेल्यांतही असेल अशी शंका तेव्हा कुणालाच नव्हती. ॲम्फिऑक्सस हा पाचेक सेंटिमीटरचा, दोन्ही टोकांना निमुळता प्राणी. 1774 मध्ये पालासनं तो पाहिला आणि बिनशंखाची गोगलगाय म्हणून नोंदवला! रशियाच्या कोवालेव्हस्कीनं 1866 मध्ये असिडियनच्या आणि 1867 मध्ये ॲम्फिऑक्ससच्या गर्भाचा विकास लिहून काढला, आणि सगळं चित्र फिरलं. असिडियन म्हणजे खडकाला चिकटून बसलेली मऊ पिशवी. तोवर तिला शिंपल्यांच्या कुळात घालत असत. तिच्या डिंभाला मात्र बेडकाच्या पिल्लासारखी शेपटी, आणि त्या शेपटीत चक्क पृष्ठरज्जू! मोठी झाली की शेपटी जाते आणि पिशवी उरते. पुढच्या काही वर्षांत हेकेल आणि इतरांनी या सगळ्यांना कणेवाल्यांबरोबर एका संघात आणलं.

मग त्या तोंडाच्या प्रश्नाचं उत्तर. 1908 मध्ये ग्रोबेननं प्राण्यांची दोन मोठी घराणी सांगितली. गर्भ आत वळताना जे पहिलं छिद्र पडतं, त्याचं काही प्राण्यांत तोंड होतं. गांडूळ, गोगलगाय, कीटक यांना त्यानं त्या घराण्यात धरलं. दुसऱ्या घराण्यात त्या छिद्राच्या जागी गुदद्वार येतं आणि तोंड नंतर वेगळ्या जागी फुटतं. या दुसऱ्या घराण्यात, द्वितीयमुखींत, तारामासा आहे आणि माणूसही आहे. बरणी हातात घेऊन तोंड शोधणाऱ्या मुलानं नकळत नेमका तोच प्रश्न विचारलेला असतो, ज्यावरून त्या बरणीतल्या जिवाशी त्याचं नातं ठरतं.

ऊतींची कथा वेगळ्या गावातून येते, पॅरिसच्या शवागारातून. तिशीच्या आत-बाहेरचा बिशा नावाचा शल्यवैद्य. सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसा नव्हता, आणि त्या काळच्या भिंगांची अवस्था पाहता तो चुकीचा होता असंही म्हणवत नाही. मृत शरीराचे भाग तो वाळवायचा, उकळायचा, पाण्यात कुजवायचा, आम्लात टाकायचा, आणि कोणता भाग कसा वागतो ते टिपायचा. त्यातून 1801 मध्ये त्यानं माणसाच्या शरीरात 21 प्रकारच्या ऊती सांगितल्या. पुढच्याच वर्षी, तिसाव्या वर्षी, तो गेला. त्याची पद्धत आमच्या मुलांना मी पायाच्या रश्शावरून समजावतो. बकऱ्याचे पाये रात्रभर मंद आचेवर ठेवले की कंडरा आणि सांध्यावरची आवरणं विरघळून रस्सा बोटांना चिकटतो, कूर्चा मऊ पडते, हाड मात्र हाडच राहतं. शेजारी शेजारी असलेले भाग उष्णतेला वेगवेगळं उत्तर देतात. घरच्या पातेल्यात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

आणि 'ऊती' हा शब्द! बिशानं वापरलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'विणलेलं'. संस्कृतात 'ऊति' म्हणजे विणणं. उर्दूत ऊतीला 'बाफ्त' म्हणतात, तोही फारसी विणकामातला शब्द. पैठणीच्या आणि हिमरूच्या मुलखात हा शब्द कोरडा राहायला नको. पैठणला मागावर उभे धागे ताणलेले आणि त्यातून आडवा धागा जाताना ज्यानं पाहिलंय, त्याला संयोजी, म्हणजे शरीराचे भाग जोडणाऱ्या, ऊतीतले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला वेळ लागत नाही.

उर्दूचा उल्लेख उगाच केला नाही. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवलं जायचं, आणि पाठ्यपुस्तकांसाठी हैदराबादेत भाषांतराचं स्वतंत्र खातं होतं. पुढं 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय उभं केलं, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं, आणि 'पृष्ठरज्जू', 'कंटकचर्मी', 'अभिस्तर ऊती' हे शब्द हळूहळू इथल्या वर्गांत रुळले. एका पिढीनं उर्दूतून, पुढच्या पिढ्यांनी इंग्रजी आणि मराठीतून तोच तारामासा शिकला.

दोन्ही धागे जिथं एकत्र येतात ती जागा मला सगळ्यात प्रिय आहे. श्वान हा त्याच म्युलरच्या प्रयोगशाळेतला सहायक. एकदा जेवताना वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन त्याला वनस्पतींच्या पेशींबद्दल आणि त्यांतल्या केंद्रकाबद्दल सांगत होता. श्वानला एकदम आठवलं, असंच काहीतरी आपण पृष्ठरज्जूत पाहिलंय. पृष्ठरज्जूच्या पेशी मोठ्या, फुगीर आणि एकमेकींना चिकटलेल्या, वनस्पतीच्या पेशींसारख्या स्पष्ट दिसणाऱ्या. दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुन्हा पाहिल्या. 1839 मध्ये श्वाननं लिहिलं की प्राण्यांच्या सगळ्या ऊती पेशींपासून घडतात. बिशाच्या 21 ऊतींना एक मूळ मिळालं, आणि ते सापडायला कारण झाली पाठीतली तीच दोरी. पुढं सूक्ष्मदर्शक सुधारले, रंगद्रव्यं आली, आणि त्या 21 ऊती आज आपण शिकवतो त्या अभिस्तर (आवरणाच्या), संयोजी, स्नायू आणि चेता (नसांच्या) या चार गटांत आल्या.

तारामाशानं यानंतरही बरंच दिलं. 1882 मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला मेचनिकॉफनं तारामाशाच्या पारदर्शक डिंभात बारीक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती भटक्या पेशींचा घोळका जमलेला. शरीर जंतूंशी कसं लढतं याच्या अभ्यासाची ती एक सुरुवात, 1908 च्या नोबेलपर्यंत पोचलेली. सी अर्चिनचा जनुकसंच 2006 मध्ये वाचला गेला. त्याच वर्षी जनुकांच्या तुलनेतून असंही दिसलं की कणेवाल्यांचा सर्वांत जवळचा नातलग डौलदार ॲम्फिऑक्सस नाही, ती खडकाला चिकटलेली पिशवी आहे.

गेल्या वर्षी हा भाग शिकवताना मी सांगत होतो की माणसाची पृष्ठरज्जू पूर्ण नाहीशी होत नाही. दोन मणक्यांमधल्या गादीच्या मध्यभागी जो जेलीसारखा गर असतो, तो गर्भातल्या पृष्ठरज्जूपासूनच घडलेला. गेवराईकडची एक मुलगी उभी राहिली. तिचे आई-वडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. "सर, माझ्या मायची गादी सरकलीय म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. ती गादी हीच का?"

हीच, म्हटलं. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना कण्यावर भार येतो, वर्षानुवर्षं तो सोसून गादीचं बाहेरचं कडं फाटू शकतं, आतला गर बाहेर येतो आणि शेजारच्या चेतेला दाबतो, मग कळ पायापर्यंत उतरते. तास संपल्यावर ती कपाटाजवळ आली. कण्याच्या प्रतिकृतीतले मणके तिनं एकेक करून बोटानं मोजले, चौथ्या आणि पाचव्या कंबरमणक्यामधल्या पांढऱ्या चकतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, मोबाइलवर फोटो काढून मायला दाखवला तर चालेल का.